एकूण आस

बाबांच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : 'रात्री १०.४७. माल. पश्चिमेकडे. दोष नाही. एकूण आस ४१२.'

वही इथल्याच दुकानातली, शाळकरी पोरांची, निळ्या रेघांची. पण रकाने पट्टी लावून आखलेले, आणि पुणे-मिरज लाइनवरच्या लहान लहान स्टेशनांत छत्तीस वर्षं स्टेशन मास्तर म्हणून त्यांनी ज्या अक्षरात रजिस्टरं भरली, तेच अक्षर. ही वही मात्र न्यू जर्सीतल्या हिल्सबरो गावात, आमच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून भरली गेली. खिडकीतून रूळ दिसत नाहीत, शेजाऱ्यांचं मेपलचं झाड तेवढं दिसतं. गाड्या कळायच्या त्या मुठीत मावणाऱ्या एका डबीतून.

त्या डबीला स्कॅनर म्हणतात. आपल्या नेहमीच्या रेडिओत आपण स्टेशन लावतो आणि तिथून कुणीतरी आपल्याशी बोलतं, गाणी ऐकवतं, बाजारभाव सांगतं. स्कॅनरचं तसं नाही. त्याला आपण फ्रिक्वेन्सींची यादी द्यायची. तो त्या यादीवरून सेकंदाला कितीतरी चॅनेल या वेगानं फिरत राहतो, जिथे कुणी बोलताना सापडेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुढे निघतो. ज्यांचं बोलणं ऐकू येतं ती सगळी आपापल्या कामात असलेली माणसं. गाड्यांना लाइन देणारा रेल्वेचा डिस्पॅचर, विमानतळाचा टॉवर, एखाद्या नौकेचा तांडेल. त्यातलं कुणीही आपल्याला उद्देशून बोलत नसतं. मला वाटतं, म्हणूनच ते इतकं लक्ष देऊन ऐकावंसं वाटतं.

मी तो घेतला होता पुरामुळे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा चक्रीवादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांच्या संगमावरचं शेजारचं मॅनव्हिल गाव पाण्याखाली गेलं, राज्यात तीस माणसं दगावली. आमच्याकडे वीज गेली, फोनला रेंज नव्हती, आणि मुलं मला विचारत होती की पाणी आपल्याकडे येणार का. मला सांगता आलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी हा पाचशे चॅनेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा साधा अ‍ॅनालॉग स्कॅनर मागवला. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान सात फ्रिक्वेन्सी आहेत, त्यांवर हवामान खात्याचा यांत्रिक आवाज अहोरात्र बोलत असतो. त्यातली आमच्याकडे जोरात लागणारी एक मी साठवली आणि डबी खणात ठेवून दिली. पाऊस वाढला की काढायची, नदीची पातळी ऐकायची, परत ठेवायची. सांगलीचं माणूस आयर्विन पुलाखालचे फूट मोजत लहानाचं मोठं होतं, त्यामुळे पातळीचा आकडा कानावर पडला की मला धीर येतो, मग तो आकडा वाढता का असेना.

बाबा आले ते नोव्हेंबरात, सहा महिन्यांसाठी. आई गेल्यावरची त्यांची ही पहिलीच खेप, आणि एकटे. थंडी वाढत गेली तसं फिरणं बंद झालं. इथे फुटपाथ नाहीत, चहाची टपरी नाही, कोपऱ्यावर उभं राहून बोलायला कुणी नाही. दुकानात काउंटरवरची मुलगी काहीतरी विचारायची, ते त्यांना कळायचं नाही, ते माझ्याकडे बघायचे. ज्या माणसानं डीआरएमच्या, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाच्या, इन्स्पेक्शनला न अडखळता इंग्रजीत उत्तरं दिली, तो माणूस पिशवी हवी का या प्रश्नापाशी थांबतो, हे मला बघवायचं नाही. ते स्वतः काही बोलायचे नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, "इथं जवळ लेव्हल क्रॉसिंग आहे का गं?"

मी म्हटलं, असेल, का?

"रात्री गाडी जाते. दोन लांब, एक आखूड, एक लांब. दर वेळी तसंच वाजवतो."

या घरात मी अकरा वर्षं राहते आहे. तो भोंगा मी अकरा वर्षं ऐकत होते आणि मला तो एकसंध आवाज वाटत होता. बाबांना तीन रात्रींत त्याचा नियम कळला होता, आणि तो खरोखरच नियम आहे. अमेरिकेत रस्त्याच्या फाटकाजवळ येताना इंजिनानं दोन लांब, एक आखूड, एक लांब असाच भोंगा द्यायचा असतो.

त्या दिवशी मी खणातून स्कॅनर काढला.

आता हे यंत्र लावायचं म्हणजे काय ते जरा सविस्तर सांगते, कारण आमचे दोन आठवडे त्यातच गेले आणि ते दोन आठवडे फार चांगले गेले. इथल्या रेल्वेची बोलणी १६०.२१५ ते १६१.५६५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. १५-१५ किलोहर्ट्झ अंतरानं एक्क्याण्णव चॅनेल, क्रमांक ७ ते ९७. रेल्वेची माणसं मेगाहर्ट्झ बोलत नाहीत, क्रमांक बोलतात. चौपन्न म्हणजे १६०.९२०, तो अ‍ॅमट्रॅक या प्रवासी रेल्वेच्या ईशान्येकडच्या मुख्य मार्गाचा. बाबांनी सूत्र एकदा समजून घेतलं आणि उरलेले आकडे तोंडी गुणाकार करून लिहून काढले. मी संगणकावर तपासले, सगळे बरोबर.

स्कॅनरमध्ये ५०-५० चॅनेलच्या दहा बँका असतात. पहिली बँक रेल्वेची, दुसरी हवामानाची, तिसरी विमानांची. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा आणि तो एएमवर चालतो, बाकीचं सगळं एफएमवर. मोड चुकला तर शब्द धड ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर लागते. आमचा पहिला दिवस त्यातच गेला. नंतर नेवार्कचा टॉवर ११८.३ वर पकडून बघितला, पण टॉवर जमिनीवर आणि मध्ये टेकड्या, त्यामुळे आम्हाला फक्त वैमानिकांची बाजू ऐकू यायची, टॉवरची नाही. अर्धंच संभाषण ऐकून बाबांना चैन पडेना. विमानांची बँक आम्ही बंद केली.

मग अँटेना. सोबत आलेली काळी रबरी अँटेना सगळ्या पट्ट्यांत थोडी थोडी चालते आणि कुठल्याच पट्ट्यात पुरती चालत नाही. बाबांनी हिशेब मांडला : ३०० भागिले १६१, म्हणजे लहरीची लांबी एक मीटर शहाऐंशी सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा साधारण सेहेचाळीस सेंटिमीटर. एक लांबवता येणारी अँटेना मागवली, पट्टीनं मोजून सेहेचाळीसपर्यंत ओढली आणि तिथे पेननं खूण केली. ती उभीच धरायची, कारण पलीकडची अँटेनाही उभी असते. शेवटी जागा. नव्या खिडक्यांच्या काचांना उष्णता अडवायला धातूचा अगदी पातळ मुलामा असतो, तो रेडिओलहरीही अडवतो. खाली हॉलमध्ये काहीच लागत नव्हतं. जिन्यावरच्या जुन्या, साध्या काचेच्या खिडकीशी आलो आणि एकदम माणसाचा आवाज आला. बाबांनी खुर्ची तिथेच आणली.

स्क्वेल्चबद्दल सांगायलाच हवं. कुणी बोलत नसताना रेडिओत जी खरखर असते ती दाबून टाकणारी ही सोय. पातळी शून्यावर ठेवली तर सतत खरखर, आणि स्कॅनर पहिल्याच चॅनेलवर अडून बसतो, कारण खरखरीलाच तो बोलणं समजतो. पातळी खूप वाढवली तर घर शांत, पण लांबचे आवाजही त्याबरोबर जातात. खरखर जिथे नुकतीच थांबते, तिथेच हात थांबवायचा. मी नेहमी थोडी जास्त वाढवायची, मला शांतता आवडते. बाबा हळूच एक घर खाली आणायचे. मधूनच खर्र आवाज आला तरी त्यांना चालायचं. "लांबची गाडी अशीच बोलते," म्हणायचे, "कान देऊन ऐकायचं."

आणि त्यांना कळायचं. हे मला अजून नीट सांगता येत नाही. दुकानातल्या मुलीचं सावकाश बोललेलं वाक्य न कळणाऱ्या माझ्या वडिलांना, खरखरीतून येणारा, शब्द गिळत बोलणारा डिस्पॅचर कळत होता. एका संध्याकाळी न्यू जर्सी ट्रान्झिट या इथल्या लोकल रेल्वेची एक डिस्पॅचर बाई एका चालकाला काहीतरी लिहून घ्यायला सांगत होती. एकेक ओळ, एकेक आकडा सुटा. मग चालकानं ते सगळंच्या सगळं परत वाचून दाखवलं. ते बरोबर आल्यावरच तिनं वेळ सांगितली, आणि त्या वेळेपासून हुकूम लागू झाला. मला यातलं काही कळलं नव्हतं. बाबा पुढे वाकले होते. "लाइनवर जायची परवानगी देतेय," म्हणाले. "त्यानं परत वाचल्याशिवाय टाइम देणार नाही ती. बरोबर आहे."

मी नंतर वाचलं. त्या कागदाला इथे फॉर्म डी म्हणतात. ईशान्येकडच्या बऱ्याच रेल्वे एकच नियमपुस्तक वापरतात, त्यातला तो आहे, आणि परत वाचून दाखवणं हा त्याचा प्राण आहे. बाबांच्या नोकरीत हेच काम प्रायव्हेट नंबर करायचा. दोन आकडी नंबरांचा छापील तक्ता टेबलावर. फाटकवाल्यानं फोनवर सांगायचं, गेट बंद आहे, आणि खात्रीदाखल आपल्या तक्त्यातला पुढचा नंबर द्यायचा. वापरलेला नंबर खोडायचा. दोन माणसं, मध्ये नऊ-दहा किलोमीटर अंधार, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. आकडा दिला आणि घेतला, याच्यावर महालक्ष्मी एक्स्प्रेसमधली झोपलेली माणसं कोल्हापूरला पोचायची. लहानपणी क्वार्टरमध्ये अंथरुणात पडल्या पडल्या मी बाबांना फोनवर ते आकडे म्हणताना ऐकलं आहे. ते आकडे कशाचे असतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते मी हिल्सबरोच्या जिन्यावर, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी विचारलं.

त्याच रात्री डिटेक्टर बोलला. इथे मालगाड्या फार लांबलचक, आणि मागच्या डब्यातला गार्ड केव्हाच गेला. गाडीची चाकं तापली आहेत का, काही लोंबकळतं आहे का, हे बघायला मैलोन् मैल माणूस नसतो. म्हणून ठरावीक अंतरावर रुळाशेजारी एक यंत्र असतं. गाडी वरून जाताना ते बेअरिंगचं तापमान टिपतं, आणि शेवटचं चाक गेलं की रेडिओवर स्वतःच बोलतं : कुठल्या मैलावर आहे, दोष आहे की नाही, एकूण आस, म्हणजे चाकांच्या जोड्यांचे दांडे, किती. इंजिनातला माणूस ते ऐकतो. आम्हीही ऐकलं. दोष नाही, एकूण आस चारशे बारा.

बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं पाय आखडले असतील. ते म्हणाले, "हे माझं काम."

न थांबता जाणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टेशन मास्तरनं प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघायचं असतं. दिवसा हिरवा झेंडा, रात्री हिरवा दिवा. एका बाजूनं मास्तर, दुसऱ्या बाजूनं पॉइंट्समन. हॉट अ‍ॅक्सल, म्हणजे तापलेला आस, आहे का, ठिणग्या उडतात का, दार उघडं आहे का, आणि शेवटच्या डब्यावर एल.व्ही.ची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची, पाटी आहे का. ती पाटी दिसली तरच गाडी अख्खी आली, मध्ये तुटून काही मागे राहिलेलं नाही, मागची लाइन मोकळी. ताकारी, मसूर, रहिमतपूर, जिथे जिथे आम्ही राहिलो तिथे तिथे पावसात, थंडीत, तापात बाबा गाडीच्या वेळेला उभे असायचे. आईची तक्रार असायची की ताटावरून उठतात. तेव्हा मला वाटायचं, गाडी तर निघून जाणारच आहे, तिच्याकडे बघून काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली.

४१२ चा हिशेब सरळ होता. सहा-सहा आसांची दोन इंजिनं, उरले ४००, म्हणजे चार आसांच्या शंभर वाघिणी. पण पुढच्या काही गाड्यांचे आकडे जुळेनात. चारानं भाग जायचा, पण वाघिणींची संख्या गाडी जायला लागलेल्या वेळेशी बसेना. बाबांना ते सहन होईना. शनिवारी मी त्यांना गाडीत घालून रुळाजवळच्या रस्त्यावर नेलं, हीटर लावून पाऊण तास थांबलो. कंटेनरवर कंटेनर चढवलेली गाडी आली, आणि त्यांनी बोटानं मोजलं. पाच वाघिणी एकमेकींना जोडलेल्या, पण दोन वाघिणींच्या मध्ये एकच बोगी, म्हणजे दोन आसांचा चाकांचा सांगाडा, दोघींचा मिळून. पाच वाघिणींना वीसऐवजी बाराच आस. "असं आहे होय!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की मी दचकले. आई गेल्यापासून त्यांचा इतका मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

आणि शेवटच्या वाघिणीच्या कपलरवर, म्हणजे डबे जोडायच्या आकड्यावर, त्यांना एक खोकं दिसलं, लुकलुकणारा लाल दिवा असलेलं. तीच इथली एल.व्ही. ते खोकं नुसता दिवा नाही, तेही रेडिओच आहे. ब्रेकच्या नळीत मागच्या टोकाला दाब किती आहे, हे ते इंजिनाला कळवत राहतं. घरी आल्यावर आम्ही ४५७.९३७५ मेगाहर्ट्झ भरलं. तिथे शब्द नसतात, रातकिड्यासारखी एक चिर्रर्र असते, मध्ये थांबून पुन्हा. तिची ताकद इतकी कमी की गाडी जवळ असल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून चिर्रर्र आली की गाडी आली. पुढचे महिने आमच्या घरात हा आवाज होता. भाजी चिरताना वरून चिर्रर्र यायची, मग लांबून दोन लांब, एक आखूड, एक लांब, मग बाबांचा आवाज, "शेवटचा गेला."

एक चॅनेल मात्र मी काढून टाकला. पोलिसांची बरीचशी बोलणी आता डिजिटल ट्रंकिंगवर, म्हणजे संगणक चॅनेल वाटून देतो अशा यंत्रणेवर, गेली आहेत, पुष्कळ ठिकाणी ती कूटबद्धही असतात, आमच्या साध्या यंत्राला ती लागत नाहीत आणि मला ती नकोही होती. पण सर्च करताना एकदा रुग्णवाहिकेचं बोलणं लागलं. पत्ता, वय, छातीत दुखतंय, बायको जवळ आहे. असं ऐकणं इथे कायद्यानं गुन्हा नाही. पण तो एका अनोळखी घराचा सगळ्यात वाईट क्षण होता आणि मी हातात चहाचा कप घेऊन उभी होते. मी लॉकआउट दाबलं. बाबांनी मान डोलावली. काय ऐकू येतं हे यंत्र ठरवतं, काय ऐकायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं, आणि याबाबत माझं मत ठाम आहे. कायद्याच्याही आपापल्या रेघा आहेत. सेल्युलर फोनचे पट्टे इथल्या स्कॅनरमध्ये १९९४ पासून बनवतानाच बंद केलेले असतात, आणि शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी पकडणारा रेडिओ परवानगीशिवाय मोटारीत बसवता येत नाही. शेजारच्या राज्यात जाताना मी स्कॅनर घरीच ठेवते.

भारतात तर परवान्याशिवाय असं यंत्र बाळगताच येत नाही, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ते चालत आलं आहे. एप्रिलअखेर बाबांच्या बॅगा भरताना मला वाटलं होतं, ते स्कॅनर मागतील आणि मला नाही म्हणावं लागेल. त्यांनी मागितला नाही. नियम त्यांना माझ्याआधी माहीत होता. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सेल बदलले, अँटेनाची पेनची खूण पुसट झाली होती ती पुन्हा केली, आणि खुर्ची मूळ जागी नेऊन ठेवली. विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेतून एकदा मागे वळून हात वर केला. झेंडा धरायचे तसा सरळ.

वही त्यांनी न्यायची राहिली, असं मला वाटलं. आठ दिवसांनी उघडली. शेवटच्या पानावर नेहमीसारखे रकाने, त्या रात्रीच्या तीन गाड्या, तिन्हींना दोष नाही. त्याखाली एक ओळ मोकळी सोडून लिहिलं होतं :

'रात्री ११.३०. चार्ज दिला.' खाली सही, तारीख. आणि त्याच्याखाली, पट्टीनं आखलेल्या रेघेवर, 'चार्ज घेतला', आणि पुढे मोकळी जागा.

स्टेशनात पाळी बदलताना दोन्ही मास्तर असेच लिहितात. जाणारा लिहून मोकळा होतो, पण येणाऱ्यानं सही केल्याशिवाय तो घरी जाऊ शकत नाही.

मिरजेत तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मी खुर्ची जिन्यावर आणली, स्क्वेल्च एक घर खाली घेतला, सही केली, आणि चिर्रर्र येईपर्यंत बसून राहिले.